पॉवरपॉइंटची नवी आवृत्ती घ्यावी का? वर्गात उभे राहणाऱ्याच्या बाजूने उत्तर

प्रश्न असा आहे. शाळेतल्या संगणकांवर पॉवरपॉइंटची २०१० ची आवृत्ती आहे आणि आता नवी घ्यायचे चालले आहे. विचारणाऱ्या बाई आठवी ते दहावीला विज्ञान शिकवतात. वर्षानुवर्षे जमवलेल्या दीडशेच्या आसपास फाइली त्यांच्याकडे आहेत. नव्या आवृत्तीने शिकवण्यात खरंच फरक पडतो की नुसती सजावट वाढते, जुन्या फाइलींचे काय होईल, आणि सगळ्या शिक्षकांना प्रशिक्षण द्यावे लागेल का, हे त्यांना जाणून घ्यायचे आहे.

मी गणित-विज्ञान शिकवतो. ओव्हरहेड प्रोजेक्टरवर पारदर्शिका सरकवायचो तेव्हापासून भिंतीवर काही ना काही दाखवत आलोय, त्यामुळे या प्रश्नावर माझी मते जरा ठाम आहेत.

आधी उत्तर. नवी आवृत्ती जरूर घ्या. मात्र जाहिरातीत जी कारणे सांगतात त्यांसाठी घेऊ नका. शिकवणाऱ्याच्या कामाच्या नव्या गोष्टी मोजून तीन-चार आहेत, त्यातली एकच मला खरी मोलाची वाटते. बाकी ज्याला लोक ‘नवीन’ म्हणतात त्यातले निम्मे तुमच्या २०१० मध्येच पडून आहे. आणि यातले काहीही उपयोगी पडायचे असेल तर नवी आवृत्ती वर्गातल्या संगणकावर हवी. घरच्या किंवा स्टाफरूममधल्या संगणकावर असून उपयोग नाही. ही शेवटची गोष्ट मी फटका खाऊन शिकलो, म्हणून तिथूनच सुरुवात करतो.

एका शाळेत मला नमुना पाठ घ्यायला बोलावले होते. विषय समांतरभुज चौकोनाचे क्षेत्रफळ. चौकोनाच्या डाव्या टोकाचा त्रिकोण कापायचा, उजवीकडे नेऊन चिकटवायचा, आयत तयार होतो. मग पाया गुणिले उंची. घरी मी हे मॉर्फ वापरून केले होते. मॉर्फ म्हणजे एका स्लाइडवरची वस्तू पुढच्या स्लाइडवर दुसऱ्या जागी असेल, तर ती तिथपर्यंत सरकत जाताना दिसते. घरी त्रिकोण झकास सरकत होता. त्या शाळेतल्या संगणकावर मात्र जुनी आवृत्ती निघाली. जुन्या आवृत्तीला मॉर्फ कळत नाही, त्याऐवजी ती साधा फेड दाखवते. एक चित्र विरते, दुसरे उमटते. डावीकडचा त्रिकोण नाहीसा झाला आणि उजवीकडे एक त्रिकोण उगवला. पहिल्या बाकावरच्या मुलाने लगेच विचारले, “सर, हा दुसरा त्रिकोण कुठून आणला?”

त्याचा प्रश्न शंभर टक्के बरोबर होता. तोच त्रिकोण तिकडे गेला, म्हणून क्षेत्रफळ बदलले नाही, हेच तर त्या पाठाचे मर्म. ते सरकणे गेले आणि पाठच गेला. मी खिशातून कागद काढला, कात्री मागवली आणि पुढचा अर्धा तास कागद कापून निभावून नेला. (खरे सांगायचे तर तो पाठ मी आता कागद-कात्रीनेच घेतो. मुलांनी स्वतः कापलेला त्रिकोण ‘कुठून आणला’ असे कोणी विचारत नाही.)

तेव्हा व्यवस्थापनाला पहिली गोष्ट सांगा: आवृत्ती बदलायची तर वर्गावर्गातल्या संगणकांपासून सुरुवात करा. पैसे एकदम नसतील तर आधी वर्ग, मग शाळेची कचेरी. बहुतेक ठिकाणी हा क्रम नेमका उलटा असतो.

आता मॉर्फबद्दल सविस्तर, कारण तुमच्या विषयाला ते सगळ्यात जास्त लागू पडते. हा प्रकार मायक्रोसॉफ्टने २०१५ च्या अखेरीस वर्गणीदारांना, म्हणजे ठरावीक काळाने पैसे भरणाऱ्यांना, दिला. एकदाच पैसे भरून घ्यायच्या आवृत्त्यांमध्ये तो २०१९ पासून आहे. त्याआधी वस्तू हलवायची तर मोशन पाथ वापरावा लागे. एकेका वस्तूला वाट आखून द्यायची, वेळ जुळवायची, आणि मध्येच एखादी वस्तू बदलली की सगळे पुन्हा जुळवायचे. दहा मिनिटांच्या पाठासाठी दोन तास जायचे. मॉर्फमध्ये स्लाइडची नक्कल करायची (डावीकडच्या छोट्या चित्रावर क्लिक करून कंट्रोल-डी), नकलेत वस्तू हलवायची, फिरवायची किंवा मोठी करायची, आणि ट्रान्झिशनमध्ये (एका स्लाइडवरून दुसरीवर कसे जायचे ते ठरवतात तिथे) मॉर्फ निवडायचे. संपले.

एक उदाहरण जवळून पाहू. प्रकाशसंश्लेषण शिकवताना मला पानापासून हरितलवकापर्यंत (पेशीतल्या हिरव्या कणापर्यंत) ‘आत’ जायचे असते. पहिल्या स्लाइडवर पानाचा मोठा फोटो. त्याच स्लाइडवर पानाच्या उभ्या छेदाची आकृती इतकी लहान करून ठेवायची की पानावरचे टिंब वाटावे. छेदातल्या एका पेशीवर तसेच पेशीचे चित्र, आणि पेशीत हरितलवकाचे. मग स्लाइडची नक्कल करून छेदाची आकृती पडदाभर मोठी करायची. तिसऱ्यात पेशी, चौथ्यात हरितलवक. दाखवताना मुले पानात शिरत गेल्यासारखी आत जातात. नक्कल न करता चित्र वेगळे आणून टाकले तर पॉवरपॉइंटला ते तेच आहे हे ओळखू येत नाही. अशा वेळी ऑल्ट-एफ१० दाबून सिलेक्शन पेन (स्लाइडवरच्या वस्तूंच्या यादीची पट्टी) उघडायचा आणि दोन्ही स्लाइडवरच्या चित्रांना एकच नाव द्यायचे. नावाच्या सुरुवातीला दोन उद्गारचिन्हे हवीत. ही युक्ती माहीत नसल्यामुळे कित्येक जण ‘आमच्याकडे मॉर्फ नीट चालत नाही’ म्हणून नाद सोडून देतात.

आता याची दुसरी बाजू. हा पाठ पहिल्यांदा घेतला तेव्हा मुले खूश, मीही खूश. शेवटी सहज विचारले, एका मिलिमीटरमध्ये किती हरितलवके ओळीने बसतील? कोणी म्हणाले दहा, कोणी पंधरा. एक मुलगा घासाघीस करत वीसपर्यंत आला. हरितलवक साधारण पाच मायक्रोमीटरचे (मायक्रोमीटर म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) धरले तर उत्तर येते दोनशे. माझ्या त्या सुरेख सरकण्याने प्रमाणच पुसून टाकले होते. मुलांनी चार पायऱ्या पाहिल्या आणि प्रत्येक पायरी त्यांना सारखीच वाटली. आता प्रत्येक स्लाइडच्या कोपऱ्यात मोजपट्टी असते आणि पेशीपाशी आले की मी पडदा काळा करतो. वहीत हिशेब करा, मग पुढे जाऊ. तीन मिनिटे जातात. तासातली सगळ्यात कामाची तीन मिनिटे तीच.

हा नुसता माझा अनुभव नाही. हलत्या चित्रांनी शिकणे सोपे होतेच असे नाही, हे संशोधकांनी तपासून पाहिले आहे. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सांता बार्बरा इथले मानसशास्त्रज्ञ रिचर्ड मेयर यांनी सहकाऱ्यांसोबत २००५ मध्ये चार प्रयोग प्रसिद्ध केले. विषय होते वीज कशी चमकते, संडासाची टाकी कशी काम करते, समुद्राच्या लाटा आणि गाडीचे ब्रेक. एका गटाला निवेदनासह ॲनिमेशन दाखवले, दुसऱ्याला कागदावर छापलेली स्थिर चित्रे आणि मजकूर दिला. आठ तुलनांपैकी चारांत कागदवाला गट स्पष्टपणे पुढे होता, उरलेल्या चारांत फारसा फरक नव्हता. स्थिर चित्रांमध्ये दोन चित्रांच्या मधले हलणे मूल स्वतः डोक्यात घडवते, आणि ते घडवताना शिकते, असे त्याचे एक स्पष्टीकरण. ॲनिमेशनमध्ये ते काम पडदा परस्पर करून टाकतो. शिवाय ते थांबत नाही, मूल मागे राहिले तर मागेच राहते.

म्हणून माझा नियम असा: हातात धरून दाखवता येते ते पडद्यावर आणायचे नाही. साधा लंबक, कागद कापणे, विजेरी आणि चेंडू घेऊन चंद्रकला, हे सगळे टेबलावरच. डोळ्याला दिसत नाही, हाताला लागत नाही, किंवा वर्षानुवर्षे घडते, ते पडद्यावर. हृदयाच्या झडपा, पेशीविभाजन, बर्फाचे पाणी होताना रेणूंचे काय होते, भूखंडांचे सरकणे. इथे मॉर्फ सोन्यासारखे.

एक बारीक सूचना. मॉर्फ वस्तूला सरळ रेषेत नेते. ग्रह सूर्याभोवती फिरवायला गेलात तर तो कक्षा सोडून आडवा निघतो. तिथे जुना गोल मोशन पाथच बरा, आणि तो २००२ च्या आवृत्तीपासून आहे. नव्याने सगळेच काम सोपे होते असे नाही, त्याचा हा नमुना.

मॉर्फखालोखाल मी प्रेझेंटर व्ह्यूला मान देतो. तुमच्यासमोरच्या पडद्यावर चालू स्लाइड, पुढची स्लाइड, घड्याळ आणि तुमच्या नोंदी. मुलांना फक्त स्लाइड. हा २०१० मध्येही आहे, पण २०१३ मध्ये तो पार सुधारला. आता चित्राच्या एखाद्या भागावर भिंग नेऊन तो मोठा करता येतो, सगळ्या स्लाइडी एका दृष्टिक्षेपात पाहून हवी तिथे उडी मारता येते, आणि मुलांना त्यातले काही दिसत नाही. प्रोजेक्टर जोडल्यावर विंडोजचे बटण आणि पी दाबून ‘एक्स्टेंड’ निवडायचे, एवढेच. सरावासाठी प्रोजेक्टर नसला तरी ऑल्ट-एफ५ ने तो उघडतो. नोंदींमध्ये वाक्ये लिहू नका, मुलांना विचारायचे प्रश्न लिहा. मी तिथे मागच्या वर्षी मुलांनी दिलेली चुकीची उत्तरेही लिहून ठेवतो. पुढच्या वर्षी तीच चूक दारात उभी असते.

पॉवरपॉइंट मुळात वर्गासाठी जन्मलेले नाही हे इथे आठवले तर बऱ्याच गोष्टींचा उलगडा होतो. रॉबर्ट गॅस्किन्स आणि डेनिस ऑस्टिन यांनी फोरथॉट नावाच्या छोट्या कंपनीत ते घडवले. १९८७ मध्ये ते मॅकिंटॉशसाठी बाजारात आले आणि त्याच वर्षी मायक्रोसॉफ्टने १ कोटी ४० लाख डॉलरना ती कंपनीच घेतली. गिऱ्हाईक होते कचेऱ्यांमधले. एकाने बोलायचे, बाकीच्यांनी बघायचे, शेवटी टाळ्या. तिथे स्लाइडी एकामागून एक ओळीत येतात ते ठीकच आहे. वर्गात मात्र चौथ्या स्लाइडवर कोणीतरी असा प्रश्न विचारते की एकदम सतराव्या स्लाइडवर जावे लागते, आणि तिथून मागच्या आठवड्याच्या पाठावर.

याला नव्या आवृत्तीत झूम नावाची सोय आहे. पहिल्या स्लाइडवर सगळ्या भागांची छोटी चित्रे ठेवायची. ज्याचा प्रश्न येईल त्यावर क्लिक करायचे, तो भाग संपला की आपोआप पहिल्या स्लाइडवर परत. उजळणीच्या तासाला मी हे आवडीने वापरतो. कोणता भाग आधी घ्यायचा ते मुले ठरवतात. पण खरे सांगू का, दाखवणे चालू असताना १७ टाइप करून एंटर दाबले की सतरावी स्लाइड येते, ही सोय तुमच्या २०१० मध्येही आहे. मी स्लाइडींचे क्रमांक एका चिठ्ठीवर लिहून टेबलावर ठेवायचो. झूम दिसायला देखणे, चिठ्ठी जास्त भरवशाची.

तसेच बी हे बटण. इंग्रजी कळफलकावरचे बी दाबले की पडदा काळा, पुन्हा दाबले की चित्र परत. डब्ल्यू दाबले की पांढरा. पांढऱ्या फळ्यावर प्रोजेक्टर पडत असेल तर पांढरा पडदा करून त्यावर मार्करने खुशाल लिहा. कंट्रोल-पी ने स्लाइडवरच पेन येतो, ई ने लिहिलेले पुसले जाते. यातले काहीच नवे नाही. प्रशिक्षणात शिकवलेल्या सगळ्या गोष्टींपैकी शिक्षक सहा महिन्यांनी काय वापरताना दिसतात म्हणाल तर हे बी बटण. आणि मुलांच्या नजरा पडद्यावरून स्वतःकडे आणण्याचा याहून सोपा मार्ग मला सापडलेला नाही.

आता सजावटीकडे. डिझायनर नावाची सोय तुमची स्लाइड बघून ‘अशी करा, तशी करा’ म्हणून नमुने सुचवते. त्यासाठी वर्गणी आणि इंटरनेट दोन्ही लागते. ती शीर्षकामागे धबधबा, मजकुराच्या बाजूला हसरी माणसे असले काहीतरी चिकटवते. मी ती बंद करून ठेवली आहे. विषयाशी संबंध नसलेले देखणे चित्र शिकण्यात अडथळाच आणते, हेही मेयर यांच्या कामात पुन्हा पुन्हा आलेले आहे. त्यांचेच आणखी एक निरीक्षण इथे सांगण्यासारखे: पडद्यावर चित्र असताना निवेदन ऐकवणे चांगले, पण तेच निवेदन शब्दशः पडद्यावर छापूनही दाखवले की समज वाढत नाही, उलट घटते. डोळे चित्र आणि अक्षरे यांत वाटले जातात. आपल्यापैकी किती जण स्लाइडवरचे वाक्य वर्गाला वाचून दाखवतात, ते मी सांगायला नको. कोणतीही आवृत्ती हे दुरुस्त करत नाही.

कृत्रिम बुद्धिमत्तेने तयार होणाऱ्या स्लाइडींचे म्हणाल तर विषय सांगितला की दहा-बारा स्लाइडी मिनिटभरात मिळतात, चार-चार मुद्द्यांच्या, गुळगुळीत. तपशील चुकीचे असू शकतात, ते तपासावे लागतातच. मला मोठी अडचण वेगळी वाटते. पाठ तयार करताना ‘इथे मुले अडतील’ हा विचार आपल्या डोक्यातून एकदा जातो. तयार स्लाइडी घेतल्या की तोच राहून जातो. प्रश्नपेढी वाढवायला, जुन्या नोंदी आटोपशीर करायला ते वापरा.

बोललेले शब्द पडद्याखाली उमटवणारी सोय वर्गणीच्या आवृत्तीत आहे. वर्गात ऐकायला कमी येणारे मूल असेल तर एवढ्या एका कारणासाठीही आवृत्ती बदलणे मला रास्त वाटते. इंटरनेट सलग लागते आणि चांगला माइक लागतो. तुम्ही ज्या भाषेत शिकवता ती त्याच्या यादीत आहे का, हे विकत घेण्यापूर्वी करून बघा. शास्त्रीय संज्ञांची ते अधूनमधून गंमत करते, त्या फळ्यावर लिहा.

व्हिडिओचा प्रश्न २०१० मध्येच बराचसा सुटला होता. त्याआधी व्हिडिओ फाइलीबाहेर राहायचा, पेनड्राइव्हवर फक्त स्लाइडी आल्या की वर्गात काळा चौकोन. २०१० पासून तो फाइलीच्या आत बसतो, हवा तेवढा कापता येतो. तरीही एमपी४ प्रकारचा व्हिडिओ त्या आवृत्तीत वेगळे सॉफ्टवेअर टाकल्याशिवाय चालत नाही. २०१३ पासून तो सरळ चालतो. हल्ली सगळे व्हिडिओ एमपी४ च असतात, म्हणून हा फरक रोज जाणवतो.

यावरूनच एक पळवाट सुचवतो. नवी आवृत्ती एकाच संगणकावर मिळाली आणि वर्गांमध्ये जुनीच राहिली, तर मॉर्फवाला भाग व्हिडिओ म्हणून बाहेर काढा आणि जुन्या फाइलीत बसवा. व्हिडिओमध्ये सरकणे जसेच्या तसे राहते. २०१० साठी डब्ल्यूएमव्ही हा प्रकार निवडा. पूर्ण पाठाचा एक व्हिडिओ करू नका. प्रत्येक पायरीचा आठ-दहा सेकंदांचा वेगळा तुकडा करा, म्हणजे मध्ये थांबून विचारता येईल.

तुमच्या दीडशे फाइलींचे काय? बहुतेक उघडतील आणि चालतील. त्रास चार ठिकाणी होतो.

पहिला, समीकरणे. जुन्या इक्वेशन एडिटरने लिहिलेली समीकरणे नव्यात दिसतात, पण त्यांवर दोनदा क्लिक केले तर बदलता येत नाहीत. त्या एडिटरमध्ये सुरक्षेची भगदाडे निघाल्यामुळे मायक्रोसॉफ्टने जानेवारी २०१८ मध्ये तो काढूनच टाकला. ती समीकरणे नव्या पद्धतीने पुन्हा लिहावी लागतील. ऑल्ट आणि बरोबरचे चिन्ह एकत्र दाबले की जागा उघडते. ही पद्धत २०१० मध्येही आहे, तेव्हा निर्णय व्हायची वाट न पाहता आजपासून सुरू करता येईल. दुसरा, फ्लॅश. कोणे एके काळी शैक्षणिक सीडींवरून घेतलेली हलती चित्रे स्लाइडमध्ये बसवली असतील तर ती गेली म्हणून समजा. ॲडोबीने ३१ डिसेंबर २०२० ला फ्लॅश बंद केले. तिसरा, आकार. नव्या आवृत्तीत कोरी फाइल रुंद, म्हणजे १६:९ प्रमाणाची उघडते. तुमच्या जुन्या फाइली ४:३ च्या असणार. त्या तशाच ठेवा. दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या दिसतील, बिघडत काहीच नाही. सगळ्या फाइली रुंद करत बसलात तर मजकूर आणि बाण आकृतीवरून सरकतात, आणि ते ऐन तासाला लक्षात येते. चौथा, फॉन्ट. युनिकोडपूर्वीच्या (युनिकोड म्हणजे सगळ्या संगणकांना कळणारी अक्षरांची एकच पद्धत) फॉन्टमध्ये टाइप केलेले देवनागरी नव्या संगणकावर तो फॉन्ट नसेल तर इंग्रजी अक्षरांची खिचडी होऊन दिसते. अशा फाइली युनिकोडमध्ये बदलून घ्याव्यात. आवृत्ती बदला न बदला, हे काम कधीतरी करावेच लागणार आहे.

एक उपयोगी गोष्ट जाता जाता: पॉवरपॉइंटची पीपीटीएक्स फाइल ही आतून झिप फाइलच असते. तिची नक्कल करा, नावाचे शेपूट बदलून झिप करा आणि उघडा. आत मीडिया नावाच्या फोल्डरमध्ये सगळी चित्रे आणि व्हिडिओ सुटे मिळतात. बिघडलेल्या फाइलीतून चित्रे वाचवायला मी हे कितीदा तरी केले आहे.

व्यवस्थापनापुढे मांडायला सगळ्यात भक्कम मुद्दा मात्र वेगळाच आहे, आणि त्याचा स्लाइडींशी संबंध नाही. ऑफिस २०१० ला (पॉवरपॉइंट ज्या मायक्रोसॉफ्टच्या संचात येते त्याला) सुरक्षा-दुरुस्त्या मिळणे १३ ऑक्टोबर २०२० ला बंद झाले. वर्गातला संगणक म्हणजे दिवसभरात पाच-सहा जणांचे पेनड्राइव्ह खाणारे यंत्र. त्याच्यावर असे सॉफ्टवेअर ठेवणे म्हणजे दार सताड उघडे ठेवून झोपणे. आणि कोणी स्वस्तात २०१६ किंवा २०१९ ची आवृत्ती देऊ केली तर घेऊ नका. त्या दोन्हींचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. एकदाच पैसे भरायचे असतील तर २०२४ ची घ्या. वर्गणीची घेतली तर वर्गणी थांबल्यावर फाइली उघडतात पण त्यात बदल करता येत नाहीत, हे आधी माहीत असू द्या.

पैसेच नसतील तर ब्राउझरमध्ये चालणारे फुकटचे पॉवरपॉइंट आहे, त्यात मॉर्फ दिसतेही. पण वर्गात इंटरनेट भरवशाचे हवे. लिब्रेऑफिसचे इम्प्रेस हे स्लाइडी करायचे दुसरे सॉफ्टवेअर फुकट आहे आणि इंटरनेटशिवाय चालते. साधी चित्रे, मजकूर, क्लिकवर उलगडणारी उत्तरे यांना ते पुरते. पॉवरपॉइंटमध्ये केलेल्या फाइली त्यात उघडल्यावर रचना थोडी हलते, म्हणून तास सुरू होण्याआधी एकदा पूर्ण चालवून पाहायची. मॉर्फवर त्यात विसंबू नका.

राहिला प्रशिक्षणाचा प्रश्न. दिवसभराचे, सभागृहातले, सगळ्यांना एकदम दिलेले प्रशिक्षण मी घेतले आहे आणि दिलेही आहे, दोन्हीकडून निष्फळ. दुसऱ्या सोमवारपर्यंत लोक विसरतात. त्याऐवजी तिघा-चौघांनी शाळा सुटल्यावर एका वर्गात तासभर बसावे. संगणक त्याच वर्गातला, प्रोजेक्टर चालू, आणि प्रत्येकाने पुढच्या आठवड्यात शिकवायच्या पाठाची स्वतःची फाइल आणलेली. एकाने शेवटच्या बाकावर जाऊन बसायचे आणि अक्षर वाचता येत नाही तिथे ओरडायचे. पहिल्या बैठकीत फक्त प्रेझेंटर व्ह्यू, बी बटण आणि क्रमांक टाइप करून उडी. मॉर्फ दुसऱ्या बैठकीला, तेही प्रत्येकाने एकच पाठ निवडून. ज्यांच्या विषयात काही हलत नाही त्यांना ते शिकवायचा आग्रह धरू नका. इतिहासाच्या आमच्या एक बाई नकाशा, फळा आणि गोष्ट एवढ्यावर जो तास रंगवतात, त्यात मी अजून एकही स्लाइड सुचवू शकलेलो नाही.